जोडून आलेल्या सुट्ट्या आणि शुक्रवारची मुदत : पॅरिस–शिकागो प्रवासाच्या नोंदी

रविवार, ५ मे २०२४

मुंबईहून रात्री निघालेले विमान सकाळी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरले. तिथून आरईआर या उपनगरी रेल्वेच्या ‘बी’ मार्गाने शात्ले स्थानक गाठून, गाडी बदलून ‘ए’ने आम्ही ला देफाँस या व्यापारी वस्तीत मुक्कामाला आलो. आम्ही म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख आणि मी. आमची पुण्यातली कंपनी लहान आहे. दही आणि तत्सम पदार्थ कपांत भरून त्यांवर झाकण चिकटवणाऱ्या यंत्रांची नियंत्रणप्रणाली लिहिणे आणि त्या यंत्रांच्या वापरपुस्तिका तयार करणे हे आमचे काम. यंत्रे बनवणारी कंपनी फ्रेंच, ती अमेरिकेत विकून बसवून देणारी कंपनी अमेरिकन, आणि मधोमध आम्ही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या फ्रेंचच्या बळावर गेली अकरा वर्षे या दोघांचा पत्रव्यवहार मी सांभाळते. या अकरा वर्षांत एका बाजूने ‘हे फ्रेंच लोक कामच करत नाहीत’ आणि दुसऱ्या बाजूने ‘हे अमेरिकन लोक विचारच करत नाहीत’ ही दोन वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली आहेत, की ती किती खोटी आहेत हे एकदा नीट लिहून ठेवावे, असे फार दिवस मनात होते.

नव्या यंत्राच्या वापरपुस्तिकेचा अंतिम मसुदा दोन्ही पक्षांकडून मंजूर करून घेणे हे या दौऱ्याचे निमित्त होते. मुदत अमेरिकन मॅनेजरने मार्चमध्येच ठरवली होती : शुक्रवार, १० मे. फ्रेंच बाजूने त्या ईमेलला उत्तर आले नव्हते, आणि मौन म्हणजे संमती असे आम्ही सर्वांनीच धरून चाललो होतो.

सोमवार, ६ मे

सकाळी नऊला फ्रेंच कार्यालयात पोहोचलो. खोलीत शिरणारा प्रत्येक जण आधीपासून बसलेल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करून ‘बाँझूर’ म्हणत होता. सहा माणसांच्या खोलीत सातवा आला, की सहा हस्तांदोलने होत. हा वेळेचा अपव्यय आहे असे पहिल्या भेटीत मलाही वाटले होते. आता वाटत नाही. दुकानात शिरताना ‘बाँझूर’ न म्हणता थेट वस्तू मागणे फ्रान्समध्ये उद्धटपणाचे मानतात, कारण समोरचा आधी माणूस असतो आणि मग विक्रेता. कार्यालयातही तोच नियम चालतो.

संबोधनाच्या बाबतीत मराठी माणसाला तिथे फारशी अडचण येत नाही. फ्रेंचमधले ‘व्हू’ आणि ‘त्यू’ म्हणजे आपले ‘तुम्ही’ आणि ‘तू’. कोणी कोणाला केव्हा ‘तू’ म्हणायचे, ती परवानगी वडीलधाऱ्याने किंवा वरिष्ठाने कशी द्यायची, आणि न दिलेली परवानगी गृहीत धरल्यास हवा कशी थंड होते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. औपचारिक फ्रेंच पत्राच्या अखेरीस ‘माझ्या विशेष आदरभावाचा आपण स्वीकार करावा, अशी प्रार्थना आहे’ अशा अर्थाचे एक लांबलचक वाक्य येते. अमेरिकन सहकाऱ्यांना ते निरर्थक वाटते. मला मात्र ते पहिल्यांदा वाचताना आजोबांच्या पत्रांतले ‘स. न. वि. वि.’ आणि ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ आठवले होते. एरवी ईमेलमध्ये आता फ्रेंच लोकही आटोपशीर ‘कॉर्दियालमाँ’ लिहितात, पण गंभीर प्रसंगी, आणि विशेषतः मतभेद झाला की, ते लांब वाक्य परत येते. ते आले की मी सावध होते.

बैठक सुरू झाली ती मसुद्याच्या तिसऱ्या प्रकरणावरील टीकेने. मुख्य अभियंत्यांनी तासभर त्या प्रकरणाची चिरफाड केली. झाकण चिकटवणाऱ्या पट्टीचे तापमान किती ठेवावे हे तुम्ही सांगता, पण ते तेवढेच का ठेवावे हे कुठेच सांगत नाही, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मग ते फळ्याजवळ गेले आणि झाकणावरचा लेप कसा वितळतो, दाब आणि वेळ यांचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे मुळापासून मांडू लागले. चुकांची यादी ऐकून आमचे प्रकल्पप्रमुख खचले. मधल्या सुट्टीत मला म्हणाले, “म्हणजे काम हातचे गेले म्हणायचे.” मी त्यांना सांगितले, “सर, ज्या मसुद्यात दम नाही त्यावर ही माणसे तासभर घालवत नाहीत. हा मान आहे.”

ही वृत्ती शाळेतून येते. फ्रान्समध्ये बहुतेक विद्यार्थी शाळेच्या अखेरच्या परीक्षेत तत्त्वज्ञानाचा चार तासांचा लेखी पेपर देतात. एक प्रश्न घ्यायचा, त्याची एक बाजू मांडायची, मग विरुद्ध बाजू तितक्याच ताकदीने मांडायची आणि त्यानंतरच निष्कर्षाकडे जायचे, ही शिस्त सतरा-अठराव्या वर्षी अंगात मुरते. उद्योगातील बरीच वरिष्ठ मंडळी पुढे ‘ग्रांझेकोल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, कठोर स्पर्धापरीक्षेतून प्रवेश देणाऱ्या संस्थांमध्ये जातात. त्यांतली एकोल पॉलितेक्निक ही संस्था १७९४ची आणि आजही संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली आहे. गणिताच्या बळावर निवडला गेलेला माणूस आधी सिद्धांत मागणार आणि मग पायऱ्या, यात नवल नाही. अशा बैठकीत निर्णय होतोच असे नसते. विषय सर्व अंगांनी तपासला जातो, आणि निर्णय बहुधा नंतर, प्रमुखाच्या खोलीत होतो. हे ठाऊक नसलेला माणूस दिवस वाया गेला असे समजून बाहेर पडतो.

मंगळवार, ७ मे

शिकागोहून अमेरिकन मॅनेजर आणि त्यांची एक तरुण सहकारी आदल्या रात्री आली होती. सर्वांशी एकदाच मोठ्याने बोलून, लगेच पहिल्या नावांवर येऊन, त्यांनी संगणक जोडला. पहिल्याच पडद्यावर तीन ओळी होत्या : काय हवे, कोणाकडून हवे, कधी हवे. अमेरिकन मांडणीत निष्कर्ष आधी येतो आणि कारणे, कोणी विचारल्यास, नंतर. फ्रेंच मांडणीत आधी संदर्भ, मग इतिहास, मग समस्येची व्याख्या, आणि निष्कर्ष अखेरीस. दहा मिनिटांत दोन्ही बाजूंचे चेहरे पाहून काय चालले आहे ते मला वाचता येत होते. फ्रेंच अभियंत्याला वाटत होते की या माणसाने विचार न करताच उत्तर आणले आहे. अमेरिकन मॅनेजरला वाटत होते की हे लोक मूळ मुद्दा टाळत आहेत.

साडेबाराला फ्रेंच मंडळी एकदम उठली. अमेरिकन मॅनेजरने सँडविच मागवून काम पुढे चालवू, असे सुचवले. तिथे ते जमणारे नव्हते, आणि ते केवळ खवय्येगिरीमुळे नव्हे. कामाच्या जागी कामगारांना जेवू देण्यास फ्रेंच कामगार संहितेतच मनाई आहे. करोनाच्या काळात तो नियम तात्पुरता शिथिल झाला होता. भोजनालयात पहिला पदार्थ, मुख्य पदार्थ, चीज, गोड आणि कॉफी असे दीड तास चालले. कामाचा शब्द सुरुवातीला कोणीच काढला नाही. ‘नाशपाती आणि चीज यांच्या मध्ये’ असा फ्रेंचमध्ये एक वाक्प्रचार आहे, म्हणजे जेवण संपत आल्यावर, मन मोकळे झाल्यावर काढलेला विषय. नेमक्या त्याच वेळी मुख्य अभियंत्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, “शुक्रवारी तुम्ही नेमके कोणाकडून उत्तर अपेक्षित धरता आहात?”

तेव्हा सगळा घोळ उलगडला. बुधवार, ८ मे हा दुसऱ्या महायुद्धातील विजयाचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. गुरुवार, ९ मे हा येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, तीही सुट्टी. मधला शुक्रवार उरला, त्यावर ‘पूल’ बांधलेला. सण आणि आठवड्याची सुट्टी यांच्या मध्ये अडकलेल्या दिवसाला फ्रेंचमध्ये ‘पाँ’, म्हणजे पूल, म्हणतात. आपण ‘जोडून सुट्टी’ म्हणतो तेच. कंपनीने तो शुक्रवार जानेवारीतच बंद जाहीर केला होता. अमेरिकन मॅनेजरने मुदत घालताना फ्रेंच दिनदर्शिका पाहिली नव्हती, फ्रेंच बाजूने ‘त्या दिवशी आम्ही नाही’ हे उघड म्हणून सांगितले नव्हते, आणि ज्यांनी दोन्ही दिनदर्शिका पाहायच्या त्या मीही पाहिल्या नव्हत्या. अकरा वर्षांच्या अनुभवानंतरची ही चूक मला लागली, आणि मी ती तिथेच सर्वांसमोर कबूल केली.

अमेरिकन मॅनेजर संतापले नाहीत, पण फार अस्वस्थ झाले. शुक्रवारी कोणीतरी घरून ईमेल पाहीलच ना, असे त्यांनी विचारले. फ्रान्समध्ये सुट्टीत ईमेल पाठवणे बेकायदेशीर आहे, असा एक समज अमेरिकेत पसरलेला आहे. तो खरा नाही. १ जानेवारी २०१७पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेत संपर्कापासून अलिप्त राहण्याच्या हक्काविषयी कामगार प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात, इतकेच. पण कायद्यापेक्षा समजूत बलवान असते. सुट्टी ही तिथे मालकाने दिलेली सवलत नसून मिळवलेला हक्क आहे. १९३६ साली दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली, १९८२ साली ती पाच आठवड्यांची झाली, आणि त्यामागचे संप व चळवळी लोकांच्या स्मरणात आहेत. तिकडे अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात खासगी नोकरदाराला एक दिवसाचीही पगारी वार्षिक रजा बंधनकारक नाही. जी मिळते ती कंपनीच्या धोरणाने किंवा राज्याच्या कायद्याने. योगायोगाने इलिनॉय राज्यात याच वर्षी, १ जानेवारीपासून, वर्षाला चाळीस तासांपर्यंत कोणत्याही कारणासाठी पगारी रजा देण्याचा कायदा लागू झाला. शिकागोच्या त्या तरुण सहकारीने हे सांगितले, तेव्हा फ्रेंच मंडळींनी ‘चाळीस दिवस?’ असे विचारले. तिने ‘तास’ म्हटल्यावर टेबलावर क्षणभर शांतता पसरली.

बुधवार, ८ मे

कार्यालय बंद. दिवसभर हॉटेलात बसून दोन्ही करारनामे शेजारी ठेवून वाचले. दूरचित्रवाणीवर ऑलिंपिकची ज्योत ‘बेलेम’ या शिडाच्या जहाजातून मार्सेयच्या बंदरात येताना दाखवत होते. तेवढीच दिवसातली करमणूक.

आमचा अमेरिकन कंपनीशी झालेला करार फ्रेंच कंपनीशी झालेल्या कराराच्या तिपटीहून मोठा आहे. याचे कारण अविश्वास असे फ्रेंच सहकारी मानतात, पण ते पुरते खरे नाही. फ्रान्सची दिवाणी संहिता १८०४ची. करारात जे लिहिलेले नाही ते संहिता भरून काढते, म्हणून कागद आटोपशीर चालतो. अमेरिकेत न्यायालय मुख्यतः पक्षांनी काय लिहिले ते पाहते, म्हणून वकील प्रत्येक शक्यता कागदावर आणतात. दुसरा फरक वाटाघाटींतला. २०१६च्या सुधारणेनंतर फ्रेंच संहिता स्पष्ट सांगते, की करारापूर्वीच्या वाटाघाटीही सद्भावनेनेच करायच्या आहेत, आणि विनाकारण, समोरच्याला झुलवून बोलणी मोडणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. अमेरिकेत साधारणतः सही होईपर्यंत दोन्ही पक्ष मोकळे असतात. म्हणजे फ्रेंच माणसाच्या लेखी जेवणाच्या टेबलावरच नाते सुरू झालेले असते, आणि अमेरिकन माणसाच्या लेखी सहीच्या क्षणी.

गुरुवार, ९ मे

आज आरईआर ‘ए’च्या पूर्वेकडील शेवटच्या स्थानकापर्यंत, मार्न-ला-व्हाले शेसीपर्यंत गेले. डिस्नेलँड पाहण्याची हौस या वयात नव्हती. अमेरिकन व्यवस्थापन फ्रेंच भूमीवर जिथे सर्वांत महागात पडले, आणि पुढे सावरले, ती जागा मला पाहायची होती.

१२ एप्रिल १९९२ रोजी ‘युरो डिस्ने’ या नावाने हे उद्यान उघडले. फ्लोरिडात आणि कॅलिफोर्नियात जे चालते, टोकियोत जे उत्तम चालले, ते इथेही चालेल, असा हिशेब होता. उद्यानात मद्य मिळणार नाही, हा अमेरिकेतला कौटुंबिक नियम जसाच्या तसा इथे आणला गेला. जेवणाबरोबर ग्लासभर वाईन घेणारा फ्रेंच गृहस्थ स्वतःला मद्यपी मानत नाही. कुटुंबाबरोबर जेवतो म्हणूनच तो ती घेतो. दिवसभर कधीही, चालता चालता लोक खातील असे गृहीत धरून उपाहारगृहांची आखणी झाली होती, आणि प्रत्यक्षात साडेबाराच्या सुमारास सगळ्यांना एकाच वेळी टेबलावर बसायचे होते. कर्मचाऱ्यांसाठी दाढी-मिशा, केस, नखे, दागिने यांविषयीची सविस्तर नियमावली होती. अमेरिकेत नोकरी म्हणजे एक भूमिका. ती करताना पोशाखासह हसणेही कामाचा भाग असते, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. फ्रान्समध्ये कामगार संघटनांनी ती नियमावली व्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला मानली. माझे काम मी देणे लागतो, माझा चेहरा नाही, असा तो भाव होता.

१९९३च्या आर्थिक वर्षात ५.३ अब्ज फ्रँकचा तोटा झाला. केवळ संस्कृतीमुळे तो झाला असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. कर्जाचे व्याज, युरोपातील मंदी आणि गरजेपेक्षा जास्त हॉटेले यांचा वाटा मोठा होता. पण दुरुस्ती कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. १९९३ साली फिलिप बुर्गिन्याँ हे फ्रेंच गृहस्थ प्रमुख झाले, त्याच वर्षी उद्यानात वाईन मिळू लागली, १९९४ साली कर्जाची फेररचना झाली आणि नाव बदलून ‘डिस्नेलँड पॅरिस’ झाले. अमेरिकन व्यापाऱ्याला ‘युरो’ हा शब्द भविष्यवेधी वाटला होता. इथल्या माणसाला त्यात कारभार आणि चलन तेवढे दिसत होते. १९९५ साली पहिला वार्षिक नफा झाला. मी दुपारी तिथल्या एका उपाहारगृहात बसले होते, तेव्हा शेजारच्या टेबलावर आजी-आजोबा, दोन नातवंडे आणि वाईनचे दोन ग्लास होते. आजोबांच्या डोक्यावर मिकीचे कान होते. ते दृश्य मी बराच वेळ पाहत राहिले.

शुक्रवार, १० मे

मुदतीचा दिवस. कोणाचेही उत्तर आले नाही, येणार नव्हतेच. ‘तुमच्या प्रतीक्षेत’ असा एक ईमेल अमेरिकन मॅनेजरने तरीही पाठवला, कारण मुदतीच्या दिवशी नोंद असावी लागते.

प्रकल्पप्रमुखांना विमानांची आवड, म्हणून आम्ही ल बुर्जेच्या विमान संग्रहालयात गेलो. १९२७ साली अटलांटिक ओलांडून चार्ल्स लिंडबर्ग उतरला तो हाच विमानतळ. संग्रहालयात दोन काँकॉर्ड विमाने आहेत. पण माझ्या मनात होती ती १९७१ साली इथल्याच हवाई प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेली एक भेट. फ्रान्सच्या स्नेक्मा या विमान-इंजिन कंपनीचे प्रमुख रने रावो आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या विमान-इंजिन विभागाचे प्रमुख गेरहार्ड नॉयमन यांची ती भेट. नॉयमन जन्माने जर्मन. अटलांटिकच्या दोन काठांमध्ये अनेकदा असा एखादा तिसऱ्याच काठावरचा माणूस लागतो.

सुमारे दहा टन जोर देणारे इंजिन दोघांना मिळून करायचे होते. अमेरिकन सरकारने १९७२ साली परवानगी नाकारली, कारण इंजिनाचा गाभा बी-१ या बॉम्बर विमानाच्या इंजिनावरून घेतलेला होता. १९७३ साली रेक्याविकमध्ये निक्सन आणि पाँपिदू या दोन राष्ट्राध्यक्षांच्या भेटीनंतर वाट मोकळी झाली. १९७४ साली सीएफएम इंटरनॅशनल ही निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी स्थापन झाली. १९७९पर्यंत एकही इंजिन विकले गेले नाही. काम बंद करावे अशी वेळ आली असताना, जुन्या डीसी-८ विमानांना नवी इंजिने बसवण्याची मागणी आली. आज त्या सीएफएम५६ इंजिनांची संख्या तीस हजारांवर आहे, आणि बोईंग ७३७ व एअरबस ए३२० यांतून प्रवास केलेल्या बहुतेकांनी त्याचा आवाज ऐकला आहे.

माझ्या दृष्टीने या भागीदारीतली सर्वांत मोलाची गोष्ट तिची वाटणी आहे. इंजिनाचा उच्च दाबाचा गाभा अमेरिकनांनी करायचा, पुढचा पंखा आणि कमी दाबाचा टर्बाइन फ्रेंचांनी. आणि वाटून घ्यायचे ते उत्पन्न, नफा नव्हे. आपल्या वाट्याचे काम करायला किती खर्च आला, किती माणसे लागली, ती किती तास कामावर होती, हे दुसऱ्याला दाखवायचे कारणच नाही. एकाने दुसऱ्यासारखे व्हावे अशी अट त्यात कुठेच नव्हती. फक्त दोन भाग जिथे जोडले जातात त्या सीमेवर दोघांनी काटेकोर एकमत करायचे. हे प्रकल्पप्रमुखांना सांगता सांगता मी मध्येच थांबले. त्यांनी विचारले, “काय झाले?” मी म्हटले, “सर, आपण पुस्तिका अख्खी का मंजूर करून घेतो आहोत?”

शनिवार, ११ मे

दिवसभर हॉटेलात नव्या मांडणीचे काम केले.

अमेरिकन कंपनीला पुस्तिकेच्या सुरुवातीला धोक्याच्या सूचना हव्या असतात, आणि त्या पानेच्या पाने असतात. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर तिथे उत्पादकावर आणि विक्रेत्यावरही मोठे दावे होतात, म्हणून सूचना न देणे त्यांना परवडत नाही. फ्रेंच कंपनीला सुरुवातीला यंत्राच्या कार्याचे तत्त्व हवे असते. सगळी पुस्तिका सुरुवातीला इंग्रजीतच करू आणि फ्रेंच आवृत्ती मागाहून पाहू, असाही अमेरिकन बाजूचा आग्रह होता, आणि त्याला फ्रेंच बाजूने दिलेला नकार त्यांना अहंकाराचा वाटला होता. तो कायद्याचा होता. ४ ऑगस्ट १९९४च्या तुबाँ कायद्यानुसार फ्रान्समधील कामगाराला कामासाठी लागणारी कागदपत्रे फ्रेंचमध्ये असणे बंधनकारक आहे. २००६ साली व्हर्सायच्या अपील न्यायालयाने एका अमेरिकन उद्योगसमूहाच्या वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या फ्रान्समधील कंपनीला, संगणकप्रणाली आणि कागदपत्रे वेळेत फ्रेंचमध्ये न दिल्याबद्दल, ५,८०,००० युरो भरायला लावले होते. हे निकालपत्राच्या तपशिलासह नव्या प्रस्तावाला जोडले.

प्रस्ताव असा : तत्त्वाचे प्रकरण फ्रेंच अभियंत्यांनी लिहायचे आणि त्यांनीच मंजूर करायचे. सूचनांचे प्रकरण अमेरिकन कंपनीने लिहायचे आणि तिनेच मंजूर करायचे. यंत्र चालवण्याच्या पायऱ्यांचे मधले प्रकरण तेवढे समाईक, आणि दोघांची सही फक्त त्यावर.

रविवार, १२ मे

विमानप्रवास. शिकागो पॅरिसच्या सात तास मागे आहे, त्यामुळे दिवस लांबला. अमेरिकेत आज मातृदिन होता आणि ओहेअर विमानतळावर उतरणाऱ्या कित्येकांच्या हातात फुले होती.

सोमवार, १३ मे

उपनगरातल्या कार्यालयात आठला बैठक, आणि आठ म्हणजे आठ. प्रस्ताव वाचून मॅनेजर म्हणाले, “उत्तम आहे, करू या.” पंधरा मिनिटांत निर्णय झाला, कोणते काम कोणी कधीपर्यंत करायचे याची यादी झाली, आणि ती यादी बैठक संपण्याआधीच सर्वांच्या ईमेलमध्ये होती. या वेगात उथळपणा नाही. काहीतरी करून पाहू, चुकले तर दुरुस्त करू, या विश्वासाने ही माणसे काम करतात, आणि चूक झाल्यास ‘माझी चूक’ म्हणायला त्यांना वेळ लागत नाही. टीका करायची तर आधी दोन चांगल्या गोष्टी सांगून मगच करतात. आमच्या मसुद्याचे त्यांनी केलेले कौतुक ऐकून प्रकल्पप्रमुख फुलले, तेव्हा मला पॅरिसमधल्या गेल्या सोमवारच्या उलटे समजवावे लागले : “सर, तिसरे वाक्य नीट ऐका. खरे म्हणणे त्यात असते.”

दुपारी एक प्रसंग घडला तो मात्र मनातून जात नाही. पाच वर्षे माझ्याशी जवळजवळ रोज ईमेलवर बोलणाऱ्या एक ज्येष्ठ बाई तिथे होत्या, आणि त्यांना प्रत्यक्ष भेटायला म्हणून मी पुण्याहून भडंगाचे पाकीट आणले होते. त्यांची चौकशी केली, तेव्हा कळले की गेल्या गुरुवारी त्यांची नोकरी संपली. सकाळी बोलावून सांगितले आणि दुपारी त्या वस्तूंची पेटी घेऊन घरी गेल्या. मोंटाना वगळता अमेरिकेतील सर्व राज्यांत नोकरीचे मूळ सूत्र हेच आहे : बेकायदा कारण नसेल तर मालक केव्हाही काढू शकतो आणि नोकर केव्हाही सोडू शकतो. फ्रान्समध्ये कायम नोकरीतल्या माणसाला काढायचे तर ‘खरे आणि गंभीर’ कारण लागते. त्याला आधी पत्र पाठवून समक्ष बोलणी करावी लागतात, मग ठरावीक दिवस थांबून निर्णय कळवावा लागतो, आणि वरच्या पदांवर त्यानंतरही बहुधा तीन महिन्यांची सूचनामुदत असते. याच कारणाने फ्रेंच मालक नवा माणूस घेताना फार कचरतो, आणि त्याची किंमत तिथल्या तरुणांना मोजावी लागते, हेही खरे. इथे नोकरी जाते तशी पटकन मिळतेही, असे तरुण सहकारीने मला सांगितले, आणि त्या बाईंना नवे काम मिळेल याविषयी ती निःशंक होती. मला ते पटले. पण पाच वर्षांच्या ओळखीचा निरोपही घेता येऊ नये, हे मला पटलेले नाही.

एका फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात एकाच कंपनीच्या फ्रान्स, अमेरिका आणि नेदरलँड्समधील तीन सारख्या कारखान्यांचा अभ्यास केला होता. अमेरिकन कारखान्यात नाते कराराचे आढळले : काय करायचे ते ठरवा, न्याय्य मोजमाप करा. फ्रेंच कारखान्यात माणूस आपल्या हुद्द्याच्या आणि कसबाच्या प्रतिष्ठेसाठी, कोणी न सांगता, जास्तीचे करत होता, आणि त्याच प्रतिष्ठेला धक्का लागला की हटून बसत होता. बाईंच्या रिकाम्या टेबलाजवळ उभी असताना मला त्या मांडणीचा अर्थ पुस्तकातल्यापेक्षा नीट कळला. करार संपला होता, आणि कोणीही कोणाशी अन्यायाने वागले नव्हते.

भडंगाचे पाकीट तरुण सहकारीने त्यांच्या घरी पोहोचवण्याचे कबूल केले.

मंगळवार, १४ मे

पॅरिसहून सकाळी मुख्य अभियंत्यांचे दोन पानी उत्तर आले. पहिल्या दीड पानात नव्या रचनेवरचे आक्षेप होते, शेवटच्या परिच्छेदात मान्यता. अमेरिकन मॅनेजरने पहिले पान वाचून मान हलवली, तेव्हा मी त्यांना उलटून शेवटचा परिच्छेद दाखवला. तत्त्वाचे प्रकरण ते स्वतः लिहिणार आहेत, असे त्यात होते. मुख्य अभियंत्याने स्वतः लिहायला घेणे म्हणजे काय, हे मला माहीत होते.

समाईक प्रकरणाच्या मंजुरीची नवी तारीख शुक्रवार, १७ मे ठरली. ती फळ्यावर लिहिताना मी सांगितले, की त्या पुढचा सोमवार, २० मे, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी आहे, तेव्हा शुक्रवार चुकला तर थेट मंगळवार. मॅनेजर उठले आणि शेजारच्या खोलीतून भिंतीवरची मोठी दिनदर्शिका काढून आणून त्यांनी ती टेबलावर पसरली. “फ्रान्सच्या सगळ्या सुट्ट्या लिहा,” असे म्हणून त्यांनी मला लाल पेन दिले. १४ जुलै, १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, ११ नोव्हेंबर मी लिहीत गेले, आणि ऑगस्टच्या मधल्या दोन आठवड्यांवर आडवी रेघ ओढली. त्यांनी निळ्या पेनाने आपल्या सुट्ट्या लिहिल्या : २७ मे, ४ जुलै, २ सप्टेंबर, २८ नोव्हेंबर. मग दिनदर्शिका आमच्याकडे सरकवून त्यांनी विचारले, “आणि तुमच्या?”

अकरा वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही कधी आपणहून सांगितले नव्हते. दिवाळीच्या दिवसांत मी पॅरिसच्या आणि शिकागोच्या वेळेने उत्तरे देत आले होते. प्रकल्पप्रमुखांनी माझ्या हातून पेन घेतले, सप्टेंबरचे पान उलगडले आणि ७ तारखेच्या चौकोनात, आधी मराठीत आणि खाली रोमन अक्षरांत, गणेशचतुर्थी असे लिहिले. मग १ नोव्हेंबरपाशी आले. तिथे माझ्या लाल अक्षरांत फ्रेंचांचा सर्व संतांचा दिवस आधीच लिहिलेला होता. त्याच्याच खाली, उरलेल्या जागेत, त्यांनी बारीक अक्षरांत लक्ष्मीपूजन लिहिले.